जुनी डिझेल स्विफ्ट की नवी पेट्रोल स्विफ्ट? भरल्या गाडीने आंबा घाट चढलेल्यांनी सांगा

कलमवाला_पावस

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

माझ्याकडे २०१३ ची स्विफ्ट व्हीडीआय (डिझेल) आहे, २,३६,००० किलोमीटर झालेली. पावसजवळ माझी कलमांची नर्सरी आणि चाळीसेक हापूसची झाडं. त्यामुळे गाडी घरची कमी, बागेची जास्त. एप्रिल-मेमध्ये पाच डझनी पेट्या, जूनमध्ये कलमांच्या पिशव्या आणि वर्षभर लेकीची कोल्हापूरला ने-आण. ती तिथे शिकते. हातखंबा, पाली, साखरपा, आंबा घाट, मलकापूर हा रस्ता महिन्यातून दोनदा ठरलेला.

गाडीचं जे काही बिघडलं ते माझ्याच कर्माने. पाहुण्यांना समुद्र जवळून दाखवायच्या नादात भाट्याच्या वाळूत एक क्लच प्लेट जाळली. खालचा पत्रा खाऱ्या वाऱ्याने खाल्ला, कारण घर समुद्रापासून अर्ध्या किलोमीटरवर आणि गाडी बारा वर्षं माडाखाली उभी. बोनेटवरचा पोचा नारळाचा आहे, त्याचं खापर फोडणार कुणावर?

तर आता लेक गाडी शिकली आहे आणि तिचं म्हणणं, "बाबा, या गाडीत एक एअरबॅग नाही, मी घाटात चालवणार नाही." हिचंही तेच. नवी स्विफ्ट बघून आलो. डिझेल आता मिळतच नाही, एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ (धुराच्या प्रदूषणाचे कडक नियम) लागू झालं तेव्हाच मारुतीने डिझेल बंद केलं. म्हणजे २०२४ ला आलेली पेट्रोलच घ्यायची.

रात्री दोन्हींचे कागद शेजारी ठेवून बसलो. जुनीचं इंजिन १२४८ सीसी, चार सिलिंडर, टर्बो (इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा): पॉवर ७५ पीएस ४००० आरपीएमला (म्हणजे मिनिटाला इंजिनाचे फेरे) आणि टॉर्क, म्हणजे ओढ, १९० एनएम २००० आरपीएमला. नवीचं ११९७ सीसी, तीन सिलिंडर, टर्बो नाही: साधारण ८२ पीएस ५७०० ला आणि ११२ एनएम ४३०० ला. डिकी २०४ लिटरची २६५ झाली, हे बरं झालं. टाकी ४२ ची ३७ झाली. ग्राउंड क्लिअरन्स १७० मिमीचा १६३. कंपनीचं मायलेज जुनीला २२.९ होतं, नवीला २४.८ आहे.

शोरूममधला मुलगा म्हणाला, "सर, पॉवर वाढली आहे." आणि टेस्ट ड्राइव्हला नेलं कुठे, तर साळवी स्टॉपच्या आसपास सपाट रस्त्यावर. तिथे बैलगाडीपण पळते हो.

माझा प्रश्न एवढाच. चार माणसं, डिकीत चार पेट्या (एक पेटी साधारण १८ किलोची), एसी चालू, आणि समोर आंबा घाट. पॉवर ७ पीएसने वाढली आणि टॉर्क ७८ एनएमने घटला, तर वळणावर पुढचा उसाचा ट्रक ओलांडताना नक्की काय होणार? आणि लेकीला ऑटोमॅटिक हवी आहे, त्यावरही बोला. ज्यांनी दोन्ही चालवल्या आहेत त्यांनी आधी बोला.

विन्या_चिपळूण

कलमवाले दादा, मी दोन्ही चालवल्या आहेत. तुमच्यासारखीच २०१२ ची डिझेल होती, जून २०२४ पासून नवी व्हीएक्सआय मॅन्युअल आहे.

माझा घाट कुंभार्ली. पहिल्यांदा नवी घेऊन कराडला निघालो तेव्हा जुन्या सवयीने वळणातून तिसऱ्या गिअरमध्ये बाहेर आलो, काटा दोन हजाराच्या जरा खाली. पाय दाबला. काही नाही. पुढे ट्रक, मागे एसटी हॉर्न देतेय, आणि माझी गाडी विचार करतेय. डिझेल इथे अशी ओढायची की पाठ सीटला चिकटायची. घाम फुटला मला. मग दुसरा टाकला, काटा साडेतीन हजाराच्या पुढे गेला आणि गाडी जी सुटली, ट्रक कधी मागे पडला कळलं नाही.

म्हणजे गाडीत दम आहे, फक्त तो वर ठेवलेला आहे. हात वर करून काढावा लागतो. पहिले दोन महिने मला इंजिनाच्या आवाजाची भीती वाटायची. तीन सिलिंडरचा आवाज वरच्या आरपीएमला वेगळाच येतो, काहीतरी तुटेल की काय असा. काही तुटत नाही. बायको म्हणायची, गाडी रडतेय, वरचा गिअर टाका. तेवढं ऐकायचं नाही.

मायलेज माझं हायवेला २१-२२, घाट धरून १८-१९. डिझेल घाट धरूनही २० सोडत नव्हती. वर डिझेल लिटरमागे बारा-चौदा रुपयांनी स्वस्त. तो हिशोब मनात धरूनच जा, नंतर हळहळ नको.

नव्या गाडीची मला सर्वात आवडलेली गोष्ट कागदावर एका ओळीत संपते: हिल होल्ड. गुहागरला सासुरवाडीहून दापोलीला जाताना धोपावे-दाभोळ फेरीबोट घेतो. ओहोटीला जेट्टीचा उतार बघितलाय ना? ओला, शेवाळलेला, आणि शेवटी पाणी. डिझेलवर तिथे हँडब्रेक, हाफ क्लच आणि देवाचं नाव एवढंच होतं. नवीला ब्रेकवरून पाय काढला तरी दोनेक सेकंद गाडी जागची हलत नाही, तेवढ्यात क्लच सोडून निघता येतं. सहा एअरबॅग आणि ईएसपी (घसरणारी गाडी सावरणारी यंत्रणा) सगळ्या मॉडेलला आहेत, त्यासाठी वरचं मॉडेल घ्यायला नको.

नटबोल्ट_संगमेश्वर

विन्याने जे पायाने सांगितलं ते मी कागदावर मांडतो. नोकरीला पुण्यात आहे, इंजिनं हाच धंदा.

टॉर्क आणि पॉवर या दोन वेगळ्या वस्तू नाहीत. एनएम गुणिले आरपीएम भागिले ७०२३ केलं की त्या क्षणी इंजिन किती पीएस देतंय ते कळतं. तुमची डिझेल २००० आरपीएमला १९० एनएम देते, म्हणजे ५४ पीएस. नवी पेट्रोल २००० ला किती एनएम देते तो आकडा कागदावर नसतो, आपण उदार मनाने ९० धरू. म्हणजे साडेपंचवीस पीएस. निम्म्याहून कमी! पण तीच पेट्रोल ४३०० ला फिरवा, ११२ एनएमने साडेअडुसष्ट पीएस.

आता घाटाला लागतात किती? नवी गाडी रिकामी ९२० किलोच्या आसपास, तुमची माणसं आणि पेट्या मिळून ३३० धरा. साडेबाराशे किलो. शंभर मीटरला सहा मीटर चढ आणि ताशी ४० चा वेग. फक्त वजन वर उचलायला ११ पीएस लागतात. टायरचं घर्षण, हवा, एसी, गिअरबॉक्समध्ये जाणारं असं सगळं धरून १७-१८ म्हणू. म्हणजे २००० आरपीएमलाही नवी गाडी घाट चढतेच, थांबत नाही. पण हाताशी उरतात जेमतेम ७-८ पीएस, आणि ट्रक ओलांडायचा तो या उरलेल्यावर. डिझेल रिकामी दीडशे किलोने जड आहे, म्हणून तिला घाटाला दोन पीएस जास्त लागतात. तरी तिच्याकडे ३४ उरतात. विन्याच्या पाठीला जे चिकटणं आठवतंय ते हे ३४. नवीला एक गिअर खाली घेतला आणि काटा साडेतीन हजाराच्या पुढे नेला की तिच्याकडेही ते येतात, किंबहुना थोडे जास्तच.

आता दादा, रागावू नका, पण डिझेलची आठवण जरा गोड करून सांगताय. त्या इंजिनाचा टर्बो १८०० च्या खाली झोपलेला असायचा. अगदी गोल वळणावर दुसऱ्यात वेग पडला की गाडी गुदमरायची आणि पहिला टाकावा लागायचा. खरं सांगा, टाकत होता की नाही? बारा वर्षांत तुमच्या पायाला ते इतकं अंगवळणी पडलं की आता तो दोष वाटतच नाही. पेट्रोलला तिथे खड्डा नाही. कमी देते, पण सरळ देते.

ग्राउंड क्लिअरन्सच्या ७ मिमीचा विचार सोडा. मागे चार पेट्या टाकल्यावर स्प्रिंग त्याहून जास्त बसतात.

माडाखालची_गाडी

एक शंका. डिझेल गाडी दहा वर्षांनी भंगारात काढावी लागते ना? मग तुलना कशाला, तुमची २०१३ ची तर कधीच बाद झाली.

नटबोल्ट_संगमेश्वर

नाही हो. तो दहा वर्षांचा नियम दिल्ली आणि तिच्या आसपासच्या भागातला. आपल्याकडे खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, नंतर तपासणी करून नूतनीकरण करता येतं. दादांची गाडी २०२८ पर्यंत कुणाला विचारायची गरज नाही. पत्रा तोवर टिकला तर.

तारकर्लीचो_बाबलो

माझ्याकडे नवी स्विफ्ट सीएनजी आसा, म्हणान सांगतंय. दादानु, तुम्ही सीएनजी घेव नकात. मायलेज झकास, कंपनी किलोक ३२.८५ सांगता, आणि माका पण खिशाक बरा पडता. पण सीएनजीर गाडी ७० पीएसाची होता, टॉर्क १०२. आणि डिकीत टाकी! पेटयो ठेवशात खय? माझी पर्यटकांची गाडी, तेंच्यो बॅगो ते आपल्या मांडयेर घेवन बसतत, हसतत, फोटो काढतत. तुमचे हापूस कोणाच्या मांडयेर देतलात?

दुसरा, उंदीर. जुन्या गाडयेत वायरी कमी होत्यो. नव्या गाडयेत वायरीच वायरी. पावसात उंदीर बोनेटात शिरतत आणि सकाळी डॅशबोर्डार सगळे दिवे पेटतत, दिवाळी! मी तंबाखूची पानां ठेवलंय, कापूर ठेवलंय, काय्येक उपयोग नाय. शेवटी मांजर पाळलंय. ता आता नव्या गाडयेच्या टपार झोपता आणि नखां मारता, ता येगळा.

कलमवाला_पावस

बाबल्या, सीएनजी बाद. पटलं.

नटबोल्ट साहेब, रागावत नाही. काल मुद्दाम साखरप्याच्या पुढे लक्ष ठेवून चालवली. तीन वळणांवर पहिला टाकला. तीन! आणि मी घरी छातीठोकपणे सांगत होतो की ही गाडी दुसऱ्यात सगळा घाट चढते. ही शेजारी बसून ऐकत होती, काही बोलली नाही, पण बघितलं.

तरी माझं मन मानत नाही. कागदावर ठीक, पण मला स्वतः भरली गाडी वर न्यायची आहे. लांज्याला मेव्हण्याने मार्चमध्ये नवी स्विफ्ट घेतली आहे, मॅन्युअल. तो देईल असं वाटतंय. दिली तर रविवारी दोन्ही गाड्या लागोपाठ चढवून बघतो आणि इथे लिहितो.

स्टेअरिंग_सोडलेला_ड्रायव्हर

राम राम. मी एसटीत होतो, रत्नागिरी-कोल्हापूर मार्गावरच बावीस वर्षं. आता निवृत्त. स्विफ्ट मुलाची आहे, मी कधीतरी चालवतो. इंजिनातलं मला कळत नाही, घाटातलं सांगतो.

तुम्ही सगळे चढायचंच बोलताय. गाडी वर गेली नाही म्हणून माणूस मेलेला मी पाहिला नाही. खाली येताना पाहिलेत. ज्या गिअरात चढलात त्याच गिअरात उतरायचं, ही आम्हाला पहिल्या दिवशी शिकवलेली गोष्ट. तुमची लेक ऑटोमॅटिक म्हणते आहे, चांगलं आहे, गावात गुडघे वाचतात. पण ही ऑटोमॅटिक म्हणजे आतून साधाच गिअरबॉक्स, क्लच मशीन दाबतं. आंब्याहून साखरप्याकडे उतरताना 'डी' मध्ये ठेवलीत तर वेग वाढेल तशी ती स्वतःहून वरचा गिअर टाकत जाते, तिला पुढचं वळण दिसत नाही. मग ब्रेकवर ब्रेक, आणि खाली येईपर्यंत जळका वास. घाटाच्या तोंडाशी आलात की दांडा 'एम' मध्ये घ्या आणि दुसरा धरून ठेवा. चढतानाही तेच करा, नाहीतर ती दुसरा-तिसरा, दुसरा-तिसरा करत बसते आणि नेमकी ओलांडताना झटका देते.

धुक्याचं वेगळं सांगत नाही, जुलैमध्ये तुम्ही स्वतः गेलेले आहात. आणि उसाचा ट्रक वळणावर ओलांडायचाच कशाला, पाच मिनिटांनी काय बिघडतं? कोल्हापूर कुठे जात नाही.

कलमवाला_पावस

काका, बरोबर आहे. तो ट्रकचा दाखला मी उगाच मर्दुमकीने दिला. आमच्या हिने हा धागा वाचला आणि नेमकी तीच ओळ पुन्हा मोठ्याने वाचून दाखवली.

तर रविवारचा वृत्तांत. मेव्हण्याने गाडी दिली, पण स्वतः सोबत बसला, विश्वास नाही. माणसं चार: मी, ही, लेक आणि मेव्हणा. पेट्या चार, खऱ्या आंब्यांनी भरलेल्या. पेट्यांतून दगड न्यायचा मेव्हण्याचा विचार होता, पण मुंबईची ऑर्डर रद्द झालेला माल घरात पडून होता, तोच कोल्हापूरला विकून टाकावा म्हटलं. जुनीच्या डिकीत तीनच पेट्या बसल्या, चौथी लेकीच्या पायाशी. नवीच्या डिकीत चारही बसल्या, झाकण जरा दाबून. हा कागदावरचा पहिला आकडा जो डोळ्यांनी खरा दिसला.

घाट सुरू होतो तिथल्या चहाच्या टपरीपासून वर आंबा गावातल्या थांब्यापर्यंत घड्याळ लावलं. सकाळी सातला जुनी वर नेली, मग खाली येऊन पेट्या इकडच्या तिकडे केल्या आणि नवी नेली. हिला काम दिलं होतं: मी गिअर बदलला की लग्नपत्रिकेच्या पाठीवर रेघ मारायची. जुनीला १६ मिनिटं, ३१ रेघा. नवीला १५ मिनिटं, ४८ रेघा. दुसऱ्या वेळी रस्ता जरा मोकळा होता, त्यामुळे त्या एका मिनिटाचं श्रेय गाडीला देत नाही. हिला दोन्ही वेळा मळमळलं, तेही नोंदवून ठेवतो.

पहिली चार-पाच वळणं मी नवीला डिझेलसारखीच चालवली आणि विन्याला आला तोच अनुभव आला. मेव्हणा ओरडला, "भावोजी, रेस द्या, ती मरत नाही!" तिथून पुढे दुसऱ्या गिअरात काटा तीन ते चार हजारात ठेवला. एसी बंद करावा लागला नाही. डिझेल मागून ढकलतेय असं वाटतं, तुम्ही नुसतं स्टेअरिंग धरा. ही ओढून न्यावी लागते, हात-पाय सतत कामात. माझं वय छप्पन्न आहे, डावा गुडघा बोलतो, त्यामुळे ४८ रेघा मला कागदावर जितक्या दिसल्या त्याहून जास्त जाणवल्या.

पण एक गोष्ट कुणीच सांगितली नव्हती. पुढचा भाग हलका असल्याने नवी गाडी वळणात जशी वळते तशी माझी कधीच वळली नाही. डिझेलचं इंजिन पुढे वजन टाकून बसलेलं असतं, वळणात नाक बाहेर जायला बघतं, ते मी बारा वर्षं हाताने आत ओढतोय आणि मला माहीतही नव्हतं. उतरताना लेकीने चालवली. काकांनी सांगितल्याप्रमाणे दुसरा टाकून. ती एकदाही घाबरली नाही, मेव्हणा मात्र वरची पट्टी धरून बसला होता.

आंबे कोल्हापुरात दोन तासांत गेले.

विन्या_चिपळूण

मग बुकिंग केलंत का? रंग कोणता? पांढरा घेऊ नका, जांभ्याची लाल धूळ दोन दिवसांत दिसते.

कलमवाला_पावस

केलं. ऑटोमॅटिक. लेकीचं म्हणणं आणि माझा गुडघा एका बाजूला झाले, मी एकटाच मॅन्युअल म्हणत होतो. 'एम' चा धडा काकांचा. रंग पांढराच, हिला दुसरा चालत नाही.

माडाखालची_गाडी

जुनी विकणार असाल तर सांगा दादा. पूर्णगडला बाग आहे माझी, पत्र्याचं मी बघून घेतो.

कलमवाला_पावस

विकत नाही. नव्या गाडीत पेट्या ठेवायच्या नाहीत असं घरात आधीच ठरलंय, वास बसतो म्हणे. हापूसचा वास! त्यामुळे डिझेल बागेला राहील, आणि नवी येईल ती पडवीत, माडाखाली नाही.

फक्त एक विचारायचं राहिलं. मागची सीट पूर्ण पाडली तर नवीत पाच डझनी पेट्या किती बसतात, कुणी मोजल्या आहेत का? जुनीत नऊ बसतात. मेव्हण्याने सीट पाडू दिली नाही. घरी कळू देऊ नका.